खंडेनवमीचं बटण

ज्या घोड्यावर बसून माझे पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले, त्या घोड्याला मी सतरा वर्षांची होईस्तोवर अकरा नावं ठेवून झाली होती. शाळेतल्या मैत्रिणींपुढे तो बिजली असायचा, बाजारातल्या गिऱ्हाइकांपुढे सुलतान, आणि सिन्नरला मावशीकडे गेले की तिथे तो पांढराशुभ्र होऊन टायग्रिस नदी एका उडीत पार करायचा. टायग्रिस केवढी असते याची मला काय कल्पना. आमच्या वस्तीमागची वालदेवी नदी उन्हाळ्यात मीही एका उडीत पार करत होते, त्या मापानं मी घोड्याला उलट कमीच उडवला होता. आता साठी उलटली आहे, गुडघे माझं ऐकत नाहीत आणि नातवंडं तर त्याहून ऐकत नाहीत, तेव्हा या प्रकरणापुरतं खरं सांगायचं ठरवलं आहे. त्या घोड्याचा एक केसही आमच्या घरात कुणी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे होतं ते एक बटण.

बटण पितळेचं, बोराएवढं, पोट पुढे काढलेलं. वर मुकुट, खाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन भाले, आणि भाल्यांखाली इंग्रजी आकडा, म्हणजे पणजोबांच्या रिसाल्याचा, घोडदळाच्या तुकडीचा, नंबर. मागे दोरा ओवायची कडी. ते देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी एका करंड्यात राहायचं आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर यायचं. त्या दिवशी लोक हत्यारं पुजतात. आमची हत्यारं म्हणजे खुरपी, विळे, टिकाव, तराजू, माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, दर उन्हाळ्यात रुसून बसणारी पाण्याची मोटर, आणि या सगळ्यांच्या मधोमध, पाटावर, तांदळाच्या ढिगावर ते बटण. घरातल्या मुलीनं ते चिंच आणि राख लावून घासायचं, आईनं पुढे रांगोळी काढायची, अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्याला हळदकुंकू वाहायचं. साठ-पासष्ट वर्षं हे असं चाललं होतं. कुंकू आकड्याच्या खाचेत जाऊन बसायचं, पुढच्या वर्षी घासून काढायचं, पुन्हा बसायचं. एवढ्या वर्षांत तो आकडा कुणी कागदावर उतरवून ठेवला नाही. देवाला नंबर असतो हेच मुळी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ते घरात आलं कसं, ही गोष्ट अण्णा दर दसऱ्याला सांगत. धोंडिबा पणजोबा रिसाल्याबरोबर गेले तेव्हा अण्णा पोटात होते. लढाई संपली, त्यानंतर एके दिवशी खाकी कोटातला कोणी परका दारात आला, पणजीच्या हातावर बटण ठेवून ‘धोंडिबाचं’ एवढंच म्हणाला आणि घोटभर पाणीही न पिता चालता झाला. पणजीनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. तिनं मूठ मिटली. कागदपत्र काही आलं नाही, आलं असतं तरी वाचणारं वस्तीत कोण होतं? एवढीच गोष्ट. मला एवढ्याशा गोष्टीत करमत नसे, म्हणून मी तिच्यात घोडा घातला. अण्णा ऐकत, अडवत नसत. एकदाच म्हणाले, की मागल्या दसऱ्याला तर तो काळा होता. घामानं काळा दिसत होता, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

आमचं घर देवळाली कॅम्पच्या अलीकडे, नाशिक रोडच्या स्टेशनापासून सायकलीनं पंचवीस मिनिटांवर. मी चालवली तर अकरा. पत्र्याचं छप्पर, पुढे मेथी, कोथिंबीर आणि कांद्याच्या पातीचे वाफे, मागे झेंडू. सकाळी कॅम्पातल्या तोफांचा सराव सुरू झाला की फळीवरची भांडी थरथरायला लागत, आणि आई एका हातानं भाकरी थापत दुसऱ्या हातानं तांब्या सावरे. त्या धडधडीत आम्ही इतके मुरलो होतो की रविवारी सराव बंद असला की म्हैस दूध चोरायची. हे मी वाढवून सांगत नाही. म्हशीला विचारता आलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं. आज त्या मेथीच्या वाफ्यांवर सात मजली इमारत उभी आहे, तळमजल्यावर व्यायामशाळा आहे, आणि माणसं तिथे पट्ट्यावर पळतात आणि कुठेच जात नाहीत. मी सतरा वर्षांची होते त्या वर्षी माझीही तीच गत होती. बारावी झाली होती, पुढचं ठरत नव्हतं. कॉलेजचा विषय निघाला की दादा मोटर बघायला जात. मी खुरपायला बसले की एका ओळीत चार वेळा उठायची. पाणी प्यायचं, सायकलची साखळी बघायची, कुत्र्याला हाकलायचं, पुन्हा बोलवायचं. आई म्हणे, हिच्या पायात भवरा आहे. भाजीच्या जुड्या स्टेशनजवळच्या बाजारात पोचवायचं काम मी भांडून मागून घेतलं होतं, कारण तिथून गाड्या निघताना तरी दिसत.

तर त्या श्रावणात गावानं ठरवलं, की पहिल्या महायुद्धात गेलेल्या माणसांची नावं कोरून शाळेपुढे एक दगड बसवायचा. जबाबदारी घेतली सुभेदारांनी. फौजेतून निवृत्त होऊन ते गावातच घर बांधून राहिले होते. मिशा अशा की सायकलवर समोरून आले तर मिशा आधी वळायच्या. त्यांची अट सरळ होती. नुसतं ‘आमचा आजा गेला होता’ चालणार नाही. पलटणीचा नाहीतर रिसाल्याचा नंबर द्या, मी लष्कराच्या कचेरीला पत्र लिहितो, तिथून होकार आला की नाव कोरायचं. दोन घरांत पदकं निघाली. आमच्याकडे बटण होतं, आणि बटणावर आकडा होता. अण्णा त्या दिवशी चहाच्या टपरीवर मला घेऊन गेले ते छाती काढून. तिथे कोंडाजी बसला होता, अण्णांच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा शेजारी. तो बशीत चहा ओतता ओतता, अगदी हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, “मेलेल्याचा कागद येतो, अण्णा. पळालेल्याचं बटन येतं.”

टपरीवर दोघंतिघं हसले. अण्णांनी अर्धा कप खाली ठेवला आणि निघाले. घरी येऊन ते पातीच्या वाफ्यात बसले आणि दिवे लागेपर्यंत खुरपत राहिले, गवत नव्हतं तिथेही. मग आईनं मला सांगितलं. ही कोंडाजीची नवी गंमत नव्हती. अण्णा शाळेत गेले तेव्हा पोरं म्हणायची, तुझा बा मुंबैला दुसरी करून राहिलाय. अण्णांच्या लग्नात, वरातीच्या पुढे नाचता नाचता कोणीतरी ओरडून विचारलं होतं, नवरदेवाचा बाप कुठल्या गाडीनं येतोय. पासष्टी गाठलेला माणूस, आणि बाप मेला की पळाला एवढं एक कळावं म्हणून जन्मभर त्या बटणाला कुंकू वाहत होता. मी त्याच्यावर अकरा नावांचा घोडा नाचवत होते.

सुभेदार दसऱ्याला सकाळी बटण बघायला येणार, असं ठरलं. आदल्या दिवशी खंडेनवमी, आणि झेंडूवाल्यांच्या घरी तो दिवस म्हणजे लग्न आणि भूकंप एकाच वेळी. ओट्यापासून आडापर्यंत फुलंच फुलं, माणसांची तोंडं पिवळी, डाळीच्या फोडणीला झेंडूचा वास. आई पुरणावर, दादा टेम्पोवर, अण्णा माळा मोजत. माझ्या वाट्याला बटण. उद्या सुभेदार बघणार, म्हणजे ते चमकलं पाहिजे, आकडा लांबून वाचता आला पाहिजे. चिंच लावली, राख लावली. एवढ्यानं माझं समाधान व्हायला मी बसून राहणारी बाई नव्हते. सायकलीच्या पंक्चरच्या डब्यात पॉलिशचा कागद होता, ट्यूब खरवडायचा. तो घेतला आणि घासत सुटले. हात थांबेचना. काय तेज आलं त्याला. घरातला कोंबडा त्यात स्वतःला बघून आरवला असता.

पूजेच्या वेळी अण्णांनी करंगळीशेजारच्या बोटानं कुंकू लावलं. ते बसलं नाही, घसरून तांदळावर पडलं. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यांना वाटलं आपलाच हात कापतोय. पण मी वाकून पाहिलं. मुकुट होता, पुसट का होईना. भाल्यांच्या दोन रेषा होत्या. खाली जिथे आकडा होता तिथे माझं तोंड दिसत होतं.

त्या दिवशी मी फुलं घेऊन स्टेशनापर्यंत तीन खेपा मारल्या, त्यातली एक रिकामीच. दर वर्षी तो आकडा माझ्या हातात होता, माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि आता आठवू म्हटलं तर फक्त लाल कुंकू आठवत होतं. तिसऱ्या खेपेला रेल्वेच्या फाटकाशी थांबले असताना मी एक आकडा ठरवला. चांगला दणदणीत आकडा. घरी पोचेपर्यंत त्या रिसाल्याच्या साहेबाचं नाव, त्याच्या घोड्याचा रंग आणि बसऱ्याच्या वेशीवर काय झालं ते सगळं तयार होतं.

सकाळी सुभेदार आले. इस्त्रीचा सदरा, खिशात भिंग, काखेत वही. आईनं चहा दिला. त्यांनी बटण रुमालावर ठेवलं, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं. मग आकडा कुठाय असं विचारलं. अण्णा म्हणाले, खालच्या अंगाला बघा. सुभेदार म्हणाले, खाली काही नाही. ओट्यावर शेजारपाजारची माणसं जमली होती, त्यांत कोंडाजीही होता, सोनं द्यायला म्हणून आपट्याची पानं घेऊन आलेला. मी पुढे झाले आणि आकडा सांगून टाकला. दर वर्षी मीच घासते, मला पाठ आहे, म्हटलं. साहेबाचं नावही सांगितलं. सुभेदारांनी वही उघडली, आकडा लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता अण्णांना समजावलं, की एकदा पत्र गेलं की गेलं. या नंबरात धोंडिबाचं नाव निघालं तर उत्तम. नाही निघालं तर असा माणूस नव्हता म्हणून लेखी येईल, आणि मग मला काही करता येणार नाही.

कोंडाजी पानं चाळवत म्हणाला, “म्हंजी कागदच येईल. बरं झालं.”

मी आजवर इतक्या थापा मारल्या आहेत की त्यांची पोती भरली तर आमच्या टेम्पोला चार खेपा लागतील, पण थाप घशात अडकून मागे फिरली ती तेव्हाच. “लिहू नका, सुभेदारकाका,” मी म्हटलं. “मला आकडा माहीत नाही. मी काल पॉलिशच्या कागदानं घासून टाकला.”

अण्णांनी रुमालावरचं बटण उचललं आणि अंगठा खालच्या बाजूला फिरवला, एकदा, दोनदा. मला वाटलं आता मारतील. त्यांनी आयुष्यात मला कधी मारलं नव्हतं, पण त्या वेळी मला ते हवं होतं. ते बटण हातात धरून नुसते बसले, त्यांचं तोंड लहान मुलासारखं दिसायला लागलं, आणि माझे पाय तिथून पळायला बघत होते.

तेवढ्यात आई आतून आली. हाताला कणीक, पदर डोक्यावर. सासऱ्यांना ती मामा म्हणे, आणि परक्या माणसांसमोर त्यांच्याशी मी तिला पूर्वी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. “मामा,” ती म्हणाली, “मला काढता यील.”

तिनं रांगोळीचा डबा आणला आणि ओट्यावर, सुभेदारांच्या बुटांसमोर, बसली. खंडेनवमीला रांगोळीत पाटावरची प्रत्येक वस्तू काढायची ही तिची रीत होती. विळ्याचा विळा, तराजूचा तराजू, आणि बटणाचं बटण, त्याच्यावर जे जे असेल ते सगळं. लग्न होऊन आली तेव्हा खाच खोल होती, तेव्हापासून तिनं वीस वर्षं तीच आकृती काढली होती. तिला इंग्रजी आकडे वाचता येत नव्हते. तिच्या लेखी मुकुट म्हणजे कळस होता, भाले म्हणजे काठ्या, आणि खाली दोन नक्ष्या, एक कोयरी आणि एक विळा. तिनं चिमटीतून कळस सोडला, काठ्या सोडल्या, आणि मग न थांबता कोयरी आणि विळा काढला. मी बारावी पास, आणि तो आकडा दर वर्षी ओलांडून बाहेर गेले होते, रांगोळी मोडू नये म्हणून लुगड्यासारखा परकर उचलून.

सुभेदारांनी बूट काढून बाजूला ठेवले, उकिडवे बसले आणि आकडा वहीत उतरवला. तो मी इथे लिहीत नाही. लिहिला की कोणी ना कोणी मोबाइल काढतं आणि मला माझ्याच पणजोबांची माहिती सांगायला लागतं. मग चहाच्या दुसऱ्या कपावर सुभेदारांनी रिसाला म्हणजे काय ते सांगितलं. तेव्हाच्या बऱ्याच रिसाल्यांत शिलेदारी होती. सवारानं घोडा स्वतःचा आणायचा, खोगीर आणि कपडा स्वतःचा, सरकार बंदूक देणार. दोन सवारांत मिळून एक तट्टू आणि एक घसियारा, म्हणजे घोड्यांना गवत कापून आणणारा माणूस. लढाईनंतर दोन-दोन रिसाले एकत्र केले, जुने नंबर गेले, म्हणून पत्र या कचेरीतून त्या कचेरीत फिरेल, धीर धरा. आणि असलं बटण, ते म्हणाले, सवाराच्याच कोटाला असतं. अण्णांनी कोंडाजीकडे पाहिलं. कोंडाजीनं सोनं दिलं आणि गेला.

धीर हा पदार्थ आमच्या घरात माझ्या वाट्याला आलाच नव्हता. दिवाळी गेली, लाल कांदा बाजारात आला, मी पोस्टमनला रोज चार ठिकाणी गाठत होते. त्या बिचाऱ्यानं रस्ता बदलला, मी सायकल बदलली. हरभऱ्याचे घाटे भरले तेव्हा एका दुपारी सुभेदार स्वतः आले, पत्र घेऊन. अण्णा वाफ्याला पाणी देत होते. सुभेदारांनी बांधावर उभं राहूनच वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. धोंडिबा, आमच्या गावाचं नाव, तोच रिसाला. हुद्दा घसियारा. बसऱ्याच्या तळावर तापानं मृत्यू.

“पळाला नाय,” अण्णा म्हणाले.

“नाही अण्णा. तिथंच गेले.”

अण्णांनी फावडं टाकलं. पाणी वाफा फोडून रस्त्यावर गेलं, ते कुणी अडवलं नाही. मग त्यांनी विचारलं, की घसियाऱ्याच्या कोटाला असलं बटण कसं. सुभेदारांनी थोडा वेळ मिशीला हात लावला. असलं नसतंच, ते म्हणाले. हे बटण धोंडिबांचं नाही, ज्यानं आणून दिलं त्याचं असेल. द्यायला दुसरं काही नसेल, म्हणून स्वतःच्या कोटाचं तोडलं असेल. कोटाचं बटण नसलं तर फौजेत काय होतं ते मी भोगलेलं आहे, असंही सुभेदार म्हणाले.

दगडाचं काम निघालं तेव्हा कोंडाजीनं एक शेवटचा प्रयत्न केला, गवत कापणारा काय लढणारा धरायचा का म्हणून. सुभेदार म्हणाले, दोन सवार आणि दोन घोडे त्याच्या विळ्यावर जगत होते, तुझ्या विळ्यावर कोण जगतं ते सांग. त्यानंतर तो विषय संपला. पण संध्याकाळी सुभेदार हळूच घरी आले आणि म्हणाले, अण्णा, नावापुढे सवार लिहून टाकू का, पाथरवटाला सांगितलं की झालं, कोण बघायला येतंय. मी दाराआडून मनातल्या मनात सुभेदारांना ढकलत होते. लिहा, लिहा. अण्णांनी विचार केला, पण फार नाही. “घोडं काय हवा खाऊन जातं लढाईला? गवत कापायचा तर तेच लिवा. इळा आमच्या हातातलाच हाय.” तो दगड अजून शाळेपुढे आहे. पुढ्यात पाण्याची टाकी आली आहे, त्यामुळे वाचायला टाकीच्या मागे जावं लागतं.

दगड बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा कोथिंबीर खुरपत होतो. मी नुसतीच चुळबुळत होते, कारण दादांनी आदल्या रात्री कॉलेजचा विषय निघाल्यावर मोटर बघायला जायचं टाळलं होतं. अण्णा मान वर न करता म्हणाले, “शके, तापात मानसाला लय तहान लागती.”

मी हं म्हटलं.

“कागदात त्याचं काय लिव्हेल नाय. तुला येतं ना सांगाया. सांग मंग, त्याला पानी कुनी दिलं?”

सांगायला मला कधीच वेळ लागला नव्हता. तेव्हा लागला. पुढे आयुष्यात मी ज्या काही गोष्टी रचल्या त्यांना दर खेपेला नवी झालर लावली. या एकीला मी पुन्हा हात लावलेला नाही, जशी त्या दिवशी निघाली तशीच आहे. मी म्हटलं, एक सवार होता. निफाडकडचा, रामजी नावाचा. धोंडिबा त्याच्या घोड्यासाठी गवत कापायचे. तो रोज तंबूत येऊन उशाशी बसायचा.

“तरना व्हता?”

“पणजोबांच्याच वयाचा.”

“मराठीत बोलायचे?”

“आपल्यासारखंच.”

अण्णांनी खुरपं जमिनीत रोवलं आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. “पानी गार व्हतं?”

“मडक्यातलं होतं, अण्णा.”

त्यांनी मान हलवली आणि पुढची ओळ धरली.